पुढचे शॉकअप, मागची जागा

वडिलांच्या जुन्या मोटारसायकलला पुढे नवे शॉकअप बसवावेत, हे माझ्या मनात त्यांच्या तळहातांमुळे आले. दिवाळीच्या सुट्टीत मी धाराशिवहून गावी गेले होते. अण्णा तालुक्याच्या वाशीच्या बाजारातून परतले, गाडी लिंबाखाली लावली आणि मी पुढे केलेला पाण्याचा तांब्या घेऊ लागले, तर तो त्यांच्या बोटांतून निसटला. पितळेचा आवाज शहाबादी फरशीवर बराच वेळ गोल फिरत राहिला. अण्णांनी तो उचलला नाही. दोन्ही तळहात समोर धरून ते त्यांच्याकडे बघत राहिले, जणू कुणाचे तरी हात चुकून त्यांच्याकडे आले होते.

मुंग्या येतात, असे त्यांनी सांगितले. गाडी चालवली की येतात, मग तासाभराने जातात.

अण्णा तीस वर्षे वायरमन होते. खांबांवर चढून आणि पकडीने तारा ओढून त्यांची मनगटे आधीच थकली होती. उरलेले काम त्या गाडीने केले. मी पाचवीत असताना ती घरात आली. इतक्या वर्षांत तिच्या पुढच्या दोन नळ्यांमधले तेल गळून संपले होते, आतल्या स्प्रिंगा बसल्या होत्या. नळ्यांवर तेलात कालवलेल्या धुळीचा काळा लेप चढला होता आणि त्याला बोट लावले की ग्रीसचा आणि आमच्या काळ्या रानाचा असा एकत्र वास येई. रस्त्यात खड्डा आला की पुढचे चाक खट् असे वाजे आणि तो दणका मध्ये कुठेही न थांबता हँडलमधून अण्णांच्या हातांत शिरे.

त्या गाडीवर मागे आई बसे. आज हे वाक्य मी इतक्या लवकर लिहिते आहे. त्या दिवाळीत ते माझ्या विचारात कुठेच नव्हते.

आईला बंद वाहनात बसवत नसे. एसटी असो, जीप असो, काचा लागल्या की तिला गरगरे आणि दोन मैलांत उलट्या सुरू होत. लग्नकार्याला ती पदर तोंडाशी धरून, मुठीतले लिंबू हुंगत कशीबशी पोचे आणि मांडवात आडवी होई. मोटारसायकलवर मात्र तिला काही होत नसे. तोंडावर वारा असला की ती कुठेही जाऊ शके, आणि तिचे 'कुठेही' म्हणजे येरमाळा. दर पौर्णिमेला अण्णांच्या मागे बसून ती देवीला जाई. दोन्ही पाय डावीकडे सोडलेले, लुगड्याचा काठ पावलांखाली दाबलेला, मांडीवर नारळ आणि नैवेद्याची पिशवी, आणि उजवा हात अण्णांच्या खांद्यावर. वर्षाच्या बारा पौर्णिमांतली चैत्रातली तिची खास होती. तिच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी गावाबाहेरच्या चुन्याच्या रानात येते. तिथे आलेला प्रत्येक माणूस चुनखडीचे पाच खडे वेचतो आणि ढिगावर टाकतो. त्याच चुन्याने पुढे देवीचे देऊळ रंगते. लग्न होऊन आल्यापासून आईने एकही चैत्र चुकवला नव्हता. देवळाची भिंत पांढरी दिसली की ती म्हणे, यातला मूठभर चुना माझा आहे.

तिच्या त्या बसण्यावर मी कविता लिहिली होती. खांद्यावरचा तिचा हात, हातातल्या बांगड्या, वाऱ्याने कानामागे गेलेला पदर. दोन-तीन ठिकाणी ती वाचून दाखवली होती आणि लोकांना ती आवडली होती.

येरमाळ्याला महामार्गाच्या कडेला एक जुने गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणतात. पिकलेली दाढी, बनियनवर ऑईलचे नकाशे, आणि बोलताना समोरच्या माणसाऐवजी गाडीकडे बघण्याची सवय. भाऊबिजेनंतरच्या आठवड्यात मी अण्णांना गाडीसकट तिथे घेऊन गेले. अण्णा नाराज होते. इतकी वर्षे चालली, अजून चार वर्षे चालेल, असे पुटपुटत ते रस्त्यापलीकडच्या सबस्टेशनमध्ये जुन्या सोबत्यांना भेटायला निघून गेले, आणि निर्णय माझ्या हाती आला.

उस्तादांनी गाडीच्या हँडलवर भार देऊन पुढचा भाग दोनदा दाबला. तो खाली गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी मला दोन वाटा सांगितल्या. आहे त्याच नळ्यांना नवे सील, नव्या स्प्रिंगा आणि नवे तेल घालता येईल. काम होईल, पण गाडी जुनीच राहील. किंवा नव्या, मोठ्या गाडीचा आख्खा सेट बसवता येईल. त्याच्या नळ्या जाड, चाल लांब. खड्डा वरच्या वर गिळला जाईल. उंची मात्र पुढून दोन बोटे वाढेल. मी दुसरी वाट निवडली. चांगल्यातले असेल ते करा, असे मी म्हटले, आणि म्हणताना मला स्वतःचा थोडा अभिमान वाटला, हेही इथे लिहायला हवे.

मग चाकाजवळ उकिडवे बसलेल्या उस्तादांनी मान न वळवता विचारले, "मागं कोण बसतं का ताई, का एकलेच चालवतेत?"

"एकटेच असतात ते," मी म्हणाले.

मी खोटे बोलले नव्हते. मला जे दिसत होते ते सांगितले. माझ्या डोळ्यांसमोर अण्णा होते, खाली पडलेला तांब्या होता आणि ते दोन तळहात होते. ज्या बाईवर मी कविता केली होती, ती त्या क्षणी गाडीवर नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी तयार झाली. जुन्या नळ्या भंगाराच्या ढिगावर पडल्या होत्या आणि त्यांच्या जागी दोन चकचकीत, जाड नळ्या उभ्या होत्या. नव्या तेलाचा गोडसर वास येत होता. अण्णांनी गाडी सुरू केली, रस्त्यावरून एक फेरी मारून आले, आणि मी कितीतरी वर्षांनी त्यांना दात दिसेपर्यंत हसताना पाहिले. "पाण्यावर चालल्यावानी चालतीय," ते म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी आपणहून तांब्या मागितला आणि घटाघटा पाणी प्यायले. आई उंबऱ्यात उभी होती. ती आत गेली, कोयरी घेऊन आली आणि त्या दोन्ही नळ्यांना तिने हळदकुंकू लावले. ओल्या कुंकवाचा ओघळ लोखंडावरून खाली आला, तो तिने करंगळीने टिपला.

त्यानंतरच्या महिन्यांत मला काही गोष्टी दिसल्या होत्या. मी त्या पाहिल्या, पण एकीजवळ दुसरी ठेवून बघितली नाही.

संक्रांतीला आले तेव्हा लिंबाखाली, गाडीच्या साइड स्टँडखाली, एक चपटा दगड आला होता. पुढून उंची वाढल्यामुळे गाडी स्टँडवर जास्त कलत होती; दगड घातला की ती सरळ राही. मला गंमत वाटली. आणि मागच्या सीटवर घडी घातलेले गोणपाट सुतळीने करकचून बांधलेले होते. ते पाहून मात्र मला वाईट वाटले. इतक्या सुंदर दुरुस्तीवर हे खताचे पोते कशाला, असे मी हसत विचारले. अण्णा आईकडे बघू लागले. आई चुलीवरच्या भाकरीकडे बघू लागली. मग ती म्हणाली, "असंच. ऊन लागतं शीटला."

उन्हाचे उत्तर मला पटले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः सुतळीच्या गाठी सोडल्या. गाठी पक्क्या होत्या. वायरमनने बांधलेल्या होत्या. नखे दुखली. कळंबला जाऊन मी सीटला नवे रेक्झिनचे कव्हर घालून आणले, काळे, गुळगुळीत, कडेला पांढरी पट्टी असलेले. त्याचा वास नव्या दप्तरासारखा होता. आईने त्यावरून हात फिरवला आणि छान आहे म्हणाली.

पौष पौर्णिमेला ती गेली नाही. गुडघा धरलाय, असे फोनवर कळले. माघात घरात पाहुणे होते. फाल्गुनात हरभऱ्याची रास चालू होती. चैत्रात मी खास विचारले, तर म्हणाली, "आता गर्दी सोसत न्हाय गं. तुझे अण्णा जाऊन येत्याल." मी समजूतदारपणे मान्य केले. आई म्हातारी होते आहे, असे मी माझ्या वहीत लिहिलेसुद्धा. त्या ओळी बऱ्या उतरल्या होत्या. त्याच्या पुढच्या चैत्रातही ती गेली नाही, आणि तोवर तिने जाण्याचे नाव काढणेही सोडले होते. पौर्णिमेच्या सकाळी ती पिशवी भरून देई, अण्णा ती हँडलला अडकवत, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत ती लिंबाखाली उभी राही.

मला ते कळले तो दिवस आषाढातला. गावात लग्नानंतरची पूजा होती, मी साडीत होते, आणि मला फाट्यावर एसटीला सोडायला अण्णा निघाले. साडीमुळे मी एका बाजूला बसले, आईसारखी. इतक्या वर्षांत त्या गाडीवर मी कधी तशी बसले नव्हते. बसले ती नेहमी दोन्हीकडे पाय टाकूनच. सपाटीवर काही वाटले नाही. मग गावाबाहेरचा चढ लागला. अण्णांनी गिअर बदलला, पुढचे चाक उचलल्यासारखे वर आले आणि माझ्याखालची सीट मागे कलली. त्या गुळगुळीत रेक्झिनवरून मी सरकू लागले. धरायला काहीच नव्हते. मागे वाहता रस्ता, फुटरेस्टवरून सुटलेले पाय. मी अण्णांचा सदरा मागून मुठीत धरला. एक गुंडी तुटून रस्त्यावर टणकन पडली.

अण्णांनी गाडी थांबवली. ते वळले नाहीत. इंजिन बंद करून, पुढेच बघत म्हणाले, "तिचंबी असंच व्हायचं."

चढावर, बाभळीच्या अर्धवट सावलीत आम्ही थांबलो. त्यांनी थोडे थोडे सांगितले. त्रिपुरी पौर्णिमेला, शॉकअप बसवल्यावर पहिल्याच खेपेला, देवळाच्या टेकडीच्या चढावर आई घसरली. पडली नाही, पण पिशवीतला नारळ रस्त्यावर गडगडत गेला. परत येताना ती टेकडी पायी उतरली आणि मगच गाडीवर बसली. पुढच्या खेपेसाठी अण्णांनी गोणपाट बांधले. खरखरीत पोत्यावर लुगडे घसरत नव्हते. बरे चालले होते. मग मी आले आणि गाठी सोडल्या.

मला का सांगितले नाही, हे मी त्यांना विचारले. तिने शपथ घातली होती, ते म्हणाले.

मी त्या दिवशी एसटी सोडून दिली आणि घरी परतले. आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मला उतरताना पाहून, आणि माझ्या मुठीने चुरगळलेला, गुंडी तुटलेला अण्णांचा सदरा पाहून तिला सगळे कळले असावे, कारण तिने काही विचारले नाही. मीच विचारले. ती शेंगा फोडत राहिली.

"त्येंच्या हातातनं तांब्या पडायचा बंद झाला," ती म्हणाली. "त्येला म्या काय म्हनू? माझं बूड घसरतंय म्हनून काढून टाका म्हनू?"

"पोतं तरी पुन्हा बांधायचं होतं."

"तू नखं मोडून सोडलंस की ते. परत बांधलं असतं तर तुला वाटलं असतं, आईला कशाची हौस न्हाय." मग ती किंचित हसली. "तशी हौस न्हायच म्हना मला. पर वाऱ्याची हुती."

दुसऱ्याच सकाळी मी अण्णांना घेऊन उस्तादांकडे गेले. या वेळी मी नीट सांगितले: मागे आई बसते, एका बाजूला बसते, लुगड्यात असते, मांडीवर पिशवी असते. उस्तादांनी पाना घेतला. हँडलखालच्या ज्या जाड लोखंडी पट्टीत नळ्या आवळलेल्या असतात, तिचे बोल्ट त्यांनी सैल केले आणि दोन्ही नळ्या दोन बोटे वर सरकवल्या. नळ्यांची टोके हँडलशेजारी थोडी वर आली. पुढचा भाग तेवढाच खाली बसला. बोल्ट पुन्हा आवळले. जेमतेम अर्धा तास गेला. त्यातलाही काही वेळ चहात गेला.

मला वाटते, त्या अर्ध्या तासाने मला जितके लाजवले तितके आईच्या बोलण्यानेही नाही. उस्तादांनी हात पुसता पुसता गाडीकडे बघतच म्हटले, "म्या इचारलं हुतं, ताई." आवाजात ठपका नव्हता. कामाचा हिशोब बरोबर राहावा म्हणून माणूस बोलतो, तसे ते बोलले.

घरी आल्यावर मी रेक्झिनवर नवे जाड घोंगडे शिवून घेतले. साइड स्टँडखालचा दगड काढला. गाडी आपोआप सरळ राहिली. अण्णा सीटवर बसले, दोन्ही पाय जमिनीवर रोवून त्यांनी गाडी धरली आणि आईला हाक मारली. मी पाट आणून ठेवला. आई पाटावर चढली. डावे पाऊल फुटरेस्टवर ठेवण्यासाठी तिने गुडघा उचलला, तो अर्ध्यावर थांबला. तिने पुन्हा प्रयत्न केला. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, माझ्या दंडावर तिची बोटे रुतलेली. गुडघा वाकला नाही. पौषातल्या त्या फोनवर जे निमित्त होते, ते दीड वर्षात खरे झाले होते. चालायची, वळायची, चढायची जी सवय महिन्यातून एकदा देवळाची टेकडी तिला लावत होती, ती सुटली होती आणि सांधा धरून बसला होता. डॉक्टरांनी पुढे ते सविस्तर सांगितले. शस्त्रक्रियेला तिने नकार दिला.

ती पाटावरून उतरली. घोंगड्यावर हात ठेवून, दाबून पाहून म्हणाली, "आता बराबर हाय." आणि आत भाकरी टाकायला गेली. अण्णा तसेच बसून राहिले, दोन्ही पाय रोवून, गाडी धरून, जणू मागे अजून कुणीतरी चढायचे होते.

यंदाच्या चैत्रात मी गावी होते. मी चारचाकी आणते, काचा उघड्या ठेवू, असे आईला पुन्हा सांगून पाहिले. तिने मागच्या वर्षीच्या तशा प्रवासातल्या उलट्यांची आठवण करून दिली, आणि ती आठवण माझ्या साडीवरही होती. पालखीच्या दिवशी अण्णा पहाटे निघाले. दुपारी, ऊन पत्र्यावर तडतडत असताना, ते परतले तेव्हा त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता आणि खिसा जड होऊन खाली ओढला गेला होता. त्यांनी ओट्यावर बसून खिशातून चुनखडीचे पाच खडे काढले आणि आईच्या पुढ्यात ठेवले.

ढिगावर टाकले नाहीत का, मी विचारले. त्यांचे स्वतःचे टाकून झाले होते. हे तिचे होते. हाताला लागल्याशिवाय तिचे कसे होतील, असे ते म्हणाले.

आईने एकेक खडा उचलला. अंगठ्याने माती पुसली, तळहातावर फिरवला, एक नाकाशीही नेला. रानातला सुका, पांढरा वास असणार त्याला, तापलेल्या भिंतीचा. तिच्या बोटांवर भुकटी उतरली. मग तिने पाचही खडे पदराने टिपून अण्णांच्या ओंजळीत परत दिले. ओंजळीतून एकही खडा निसटला नाही. शॉकअप चांगले काम करत होते.

अण्णा तसेच उठले, तिचे खडे ढिगावर टाकायला. पुन्हा तेवढाच रस्ता, तीच गर्दी, तेच ऊन. आई खांबाला धरून दारापर्यंत आली.

"आवं, हळू जावा," ती म्हणाली. "पुढचं चांगलं हाय म्हनून पळवू नका."

"मागं कोन हाय दम द्यायला," अण्णा म्हणाले. चेष्टेतच म्हणाले, आणि किक मारली.

मी लिंबाखाली आईच्या शेजारी उभी होते. गाडी उताराला लागली, खड्ड्यावरून गेली, आणि खट् असा आवाज आला नाही. मागच्या सीटवरचे घोंगडे उन्हात दिसत होते. 'एकटेच असतात ते' हे उस्तादांना मी दिलेले उत्तर आता बरोबर होते. आईने भुकटीचा हात लुगड्याला पुसला नाही. तो तसाच किंचित वर धरून, गाडी वळणाआड जाईपर्यंत ती उभी राहिली.